तुम्ही विचारलंत म्हणून: लॅबला कारळे कशाला लागतात?

रविवार पेठेत ज्या दुकानातून मी कारळे घेते तिथले काका दर खेपेला हेच विचारतात, आता त्यांचा पोरगापण विचारायला लागलाय, आणि गेल्या महिन्यात खानापूरच्या एका लग्नात भर पंगतीत मावशी म्हणाली, "काय गं, लॅबमध्ये चटणी करता की काय?" म्हणून एकदा लिहूनच टाकते.

मी बेळगावात मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये, बुरशीच्या टेबलावर असते. बुरशी म्हटलं की लोकांना एकतर लोणच्यावरची आठवते नाहीतर 2021 मधली काळी बुरशी. ती वेगळी हो. त्यात बुरशी रक्तवाहिन्यांत घुसते, रक्त बंद पडलं की तिथलं मांस मरून काळं पडतं, बुरशी स्वतः काही काळी नसते. माझीवाली म्हणजे क्रिप्टोकॉकस. यीस्टच्या जातीतली, गोल गोल सुट्या पेशी, आणि प्रत्येकीच्या अंगावर जाड बुळबुळीत वेष्टन, भेंडीला तार सुटते ना तसलं.

ती असते कुठे, तर कबुतरांच्या वाळलेल्या घाणीत, आणि झाडांच्या ढोलीतपण. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या लोकांना ती जुन्या जांभळाच्या ढोलीत सापडली होती, आणि आमच्या खानापूर भागात जांभळं किती ते सांगायला नको. म्हणजे तुम्हीआम्ही सगळेच ती कधी ना कधी नाकातून आत घेतलेली असणार, धडधाकट माणसाला बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही. एकाकडून दुसऱ्याला ती लागत नाही. पण अंगातली ताकद गेली, म्हणजे एचआयव्हीत सीडी फोर (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा रक्तातला आकडा) खाली आला, किंवा किडनी बदललीय, वर्षानुवर्षं स्टिरॉइड चालू आहेत, की ती फुप्फुसातून निघून मेंदूच्या आवरणात जाऊन बसते.

आता कारळे. 1962 साली स्टाइब नावाच्या जर्मन माणसाने दाखवलं की कारळ्याच्या काढ्यावर वाढवली की ही बुरशी तपकिरी होते. तिकडे कारळे पाखरांना घालतात म्हणून या मीडियमचं नाव पडलं बर्डसीड अगार (माझ्या आजीला सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे आम्ही पाखरं काय). कृती अगदी स्वयंपाकासारखी आहे, लिटरभर पाण्याला साधारण 50 ग्रॅम कारळे, बारीक वाटायचे, अर्धा तास उकळायचे, फडक्यातून गाळायचे, घट्ट व्हायला अगार म्हणजे घरात आपण चायना ग्रास म्हणतो तेच, आणि बॅक्टेरिया वाढू नयेत म्हणून थोडं अँटिबायोटिक. ऑटोक्लेव्ह, म्हणजे लॅबचा मोठा प्रेशर कुकर, उघडला की अख्ख्या मजल्यावर वास, वाटतं आता कोणीतरी ज्वारीची भाकरी आणून द्यावी. पहिल्यांदा केलं तेव्हा मी घरातलेच भाजलेले कारळे नेले होते, लसूण-मीठ घातलं नव्हतं एवढंच नशीब, सरांनी वास घेतला आणि सगळं ओतायला लावलं.

मग प्लेटवर नमुना ओढायचा आणि वाट बघायची. दोन-तीन दिवसांत कॉलनी बिस्किटाच्या रंगाची होते, पाचव्या दिवसापर्यंत चांगली चॉकलेटी. शेजारी कँडिडा ही दुसरी यीस्ट असेल तर ती सायीसारखी पांढरीच राहते. कारळ्यात कॅफिक अॅसिड असतं, क्रिप्टोकॉकसकडे लॅकेज नावाचं एन्झाइम आहे, ते त्यापासून मेलॅनिन बनवतं, आपल्या केसांत असतं तसलंच. आणि हेच मेलॅनिन शरीरात तिच्या कामाला येतं, पांढऱ्या पेशींचा मारा ती त्याच्या आडून झेलते. म्हणजे प्लेटवर जो रंग बघून आम्ही खूश होतो तीच तिची ढाल आहे.

पण खरं सांगू का, कारळ्याची प्लेट फार हळू आहे. आम्हाला पेशंट दिसत नाही, नळी दिसते. मागे एक आली, पस्तिशीतल्या माणसाची, मणक्यातून काढलेलं पाणी, दिसायला अगदी स्वच्छ, चिठ्ठीवर लिहिलेलं तीन आठवडे डोकेदुखी. नंतर कळलं त्या तीन आठवड्यांत दोन डॉक्टर, एक चष्मा आणि एक अंगारा झाला होता. स्लाइडवर एक थेंब ते पाणी, एक थेंब इंडिया इंक, वर काच. सगळीकडे काळं काळं आणि त्यात गोल पांढरी वलयं, वलयाच्या मधोमध पेशी, एकीला छोटा कोंब फुटलेला. शाई वेष्टनाच्या त्या बुळबुळीत तारेत शिरत नाही म्हणून तेवढी जागा पांढरी राहते. आणि हीच तार मेंदूतल्या पाण्याची वाट अडवते, दाब वाढतो, डोकं फुटायची वेळ येते, नजर जाते. म्हणून पाणी पुन्हा पुन्हा काढून दाब उतरवावा लागतो, आणि घरचे नेमके इथेच अडतात, "मणक्यातलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो म्हणे". नाही हो पडत. न काढल्याने मात्र आंधळा होऊ शकतो.

माझी चिडचिड होते ती याच्यावर, की आता रक्तावर एक पट्टी आहे, प्रेग्नन्सी टेस्टसारखी, दहा मिनिटांत दोन रेघा, आणि ती डोकं दुखायच्या काही आठवडे आधीच पॉझिटिव्ह येते. सीडी फोर 100 च्या खाली असेल तर ही टेस्ट कराच आणि 200 च्या खाली असेल तरी विचार करा, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्येच सांगितलंय. औषधही सोपं झालंय, आधी अॅम्फोटेरिसिनचं सलाइन रोज लावायचे आणि किडनी सांभाळत बसायचे, आफ्रिकेतल्या पाच देशांत झालेल्या ट्रायलनंतर 2022 पासून त्याचा एकच मोठा डोस आणि दोन आठवडे गोळ्या असं आलंय. आपला हा उत्तर कर्नाटकचा पट्टा एचआयव्हीने एके काळी किती पोळलाय ते इथल्या जुन्या लोकांना विचारा. आणि तरी नळी माझ्याकडे येते ती तिसऱ्या आठवड्यात.

काकांना एवढं सगळं सांगितलं नाही. त्यांच्या गोडाऊनच्या पत्र्याखाली कबुतरं आहेत, त्यांना म्हटलं कोरडं झाडू नका, आधी पाणी मारा, तोंडाला कापड बांधा, आणि ज्याची औषधं चालू आहेत अशा माणसाला त्या कामाला लावू नका. ते हो हो म्हणाले, कारळे तोलले आणि विचारलं, "अक्का, भाजून देऊ काय?"