मेळघाटात रानपिंगळ्याच्या मागावर: तीन सकाळी आणि काही सूचना

पहिल्या सकाळी जो दिसला तो साधा पिंगळा होता. सागाच्या वाळक्या शेंड्यावर ऊन खात बसलेला. मी दुर्बीण खाली न घेता "हाच, हाच" म्हणत होते आणि सोबतचे कोरकू वाटाडे काका हळूच म्हणाले, "ताई, डोकं बघा."

डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाट पखरण होती. म्हणजे वडा-चिंचेच्या ढोलीत सगळीकडे राहतो तो पिंगळा. आम्ही शोधत होतो तो रानपिंगळा, हेही छोटं घुबडच, पण दुर्मिळ. त्याचं डोकं आणि पाठ जवळजवळ एकरंगी, राखाडी-तपकिरी असते. ठिपके असले तरी अगदी पुसट. छातीवर गडद तपकिरी पट्टा, त्याखाली पोट बरंचसं पांढरंशुभ्र, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे, आणि पाय अंगाच्या मानाने चांगलेच दणकट. आकारावर विसंबू नका. दोघंही जेमतेम वीतभर आणि उंच शेंड्यावर बसलेले असले की सारखेच वाटतात. जाण्याआधी दोघांचे फोटो शेजारी ठेवून तासभर बघा. मी ते केलं नव्हतं.

या पक्ष्यासाठी इतक्या लांब का जायचं, हे त्याच्या इतिहासात आहे. पक्षीतज्ज्ञ ॲलन ह्यूमने १८७३ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत मध्य भारतातून आणि खानदेशातून मोजके नमुने गोळा झाले, शेवटचा १८८४ मध्ये. त्यानंतर एक नमुना १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाल्याची नोंद होती, पण ती खोटी निघाली. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहकाने जेम्स डेव्हिडसनने पूर्वी गोळा केलेला नमुना संग्रहालयातून चोरून त्याला नवं लेबल लावलं होतं. एका खोट्या लेबलाने कितीजणांना भलत्याच ठिकाणी शोधायला लावलं, हे वाचताना माझा जीव खरंच कळवळला. खोटी नोंद बाजूला सारून जुन्या खऱ्या जागा धुंडाळल्या गेल्या, तेव्हा २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या अमेरिकी पक्षी-अभ्यासकांना रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी.

दुसऱ्या सकाळी काहीच मिळालं नाही. धुकं उशिरापर्यंत हटलं नाही आणि पक्षी उन्हात आलेच नाहीत.

तिसऱ्या सकाळी आम्ही सेमाडोहच्या बाजूला, परवानगी असलेल्या वाटेच्या कडेला थांबलो होतो. साग, ऐन, धावडा; मधे मोकळं गवत. आठच्या सुमारास एका बोडक्या सागावर तो येऊन बसला. या वेळी मी आधी डोकं पाहिलं. कोरं! मग त्याने शेपटी एका बाजूने दुसऱ्या बाजूला झटकन फिरवली, पुन्हा फिरवली. ही शेपटीची झटक लक्षात ठेवा, ओळखायला तिचा फार उपयोग होतो. हा पक्षी भर दिवसा शिकार करतो. दहा मिनिटं जमिनीकडे टक लावून बसल्यावर तो एकदम खाली झेपावला आणि चोचीत सरडा घेऊन वर आला. मला वाटलं, आता तिथेच बसून खाईल. पण तो सरळ पलीकडच्या अर्धवट वठलेल्या झाडाकडे गेला. तिथे ढोली होती.

काका म्हणाले, "चला." मी आणखी एक फोटो मागितला नाही. वीण चालू असताना मादी अंड्यांवर बसते आणि नर तिला भक्ष्य आणून देतो. आपण ढोलीसमोर उभे राहिलो तर तो आणलेला घास घेऊन लांबच ताटकळतो. अंडी साधारण दोनच असतात. एक वीण वाया जाणं या पक्ष्याला परवडत नाही.

इथे एक अडचण आहे आणि ती स्पष्ट सांगते. पानगळीमुळे पक्षी सहज दिसतो तो जानेवारी-फेब्रुवारीचा काळ त्याच्या विणीचाही आहे. मी फेब्रुवारीत गेले. पुन्हा जाईन तेव्हा डिसेंबरच्या सुरुवातीला जाईन. पानं जास्त असतील, शोधायला वेळ लागेल, तरी हरकत नाही. तुम्हीही तसंच करा, असा माझा आग्रह आहे. फेब्रुवारीतच जाणार असाल तर ढोली दिसताच मागे फिरा, आणि ती जागा कुणालाही सांगू नका, फोटोसोबत तर नाहीच.

मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं समजून तो शिकार सोडून धावून येतो. आपल्याला पाच मिनिटांचं दर्शन मिळतं आणि त्याची सकाळ जाते. कुणी वाटाड्या स्वतःहून आवाज वाजवू लागला तर थांबवा.

बाकी तयारी सोपी आहे. रेल्वेने बडनेरा किंवा अमरावती, तिथून परतवाडामार्गे मेळघाट. मुक्कामाचं आणि प्रवेशाचं आरक्षण आधी करा, पावसाळ्यात कुठले भाग खुले आहेत ते वनविभागाकडून विचारून घ्या. हा व्याघ्रप्रकल्प आहे, त्यामुळे हवं तिथे उतरून पायी फिरता येत नाही. कुठल्या वाटेवर उतरू देतात हे त्याच दिवशी विचारा. आतल्या भागात फोनला रेंज मिळेल असं धरून चालू नका. पहाटे कडाक्याची थंडी असते आणि पक्षी मात्र ऊन चढल्यावर उघड्यावर येतो, त्यामुळे स्थिर बसून राहण्यापुरते गरम कपडे हवेतच. किमान तीन सकाळी हाताशी ठेवा.

आता स्थितीबद्दल. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या जातींची नोंद ठेवणाऱ्या लाल यादीत रानपिंगळा बरीच वर्षं 'अतिसंकटग्रस्त' होता. २०१८ मध्ये त्याला एक पायरी खालच्या धोक्याच्या, म्हणजे 'संकटग्रस्त' वर्गात घातलं. ही बातमी ऐकून अनेकजण म्हणतात, पक्षी वाढले. तसं नाही. शोध घेणारे वाढले. शहादा-तोरणमाळनंतर मेळघाट, यावल, मध्य प्रदेशातले खंडवा आणि बुऱ्हाणपूरकडचे भाग, गुजरातेतलं पूर्णा अभयारण्य अशा जागा एकेक करून हाती आल्या. २०१४ मध्ये तर पार पश्चिमेला, मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात तो सापडला, जिथे कुणी त्याची अपेक्षाही केली नव्हती. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज २५० च्या वर सरकला, आणि संख्या घटणाऱ्या जातीसाठी लाल यादीच्या एका निकषात दोन वर्गांमधली रेघ नेमकी २५० वर आहे. अंदाजाची वरची मर्यादा मात्र अजूनही हजाराच्या आतच आहे, आणि कल घटीचाच मानला जातो.

जंगलात उभं राहिल्यावर हे आकडे वेगळे वाटतात. रानपिंगळ्याला दाट, अंधारं रान नको असतं. विरळ साग, मधे मोकळी जमीन आणि ढोलीची जुनी झाडं हवी असतात. नेमकं असंच रान शेताला लागून असतं, तिथेच कुऱ्हाड आधी पोहोचते, वणवाही तिथेच लागतो. शेतात उंदरांसाठी टाकलेलं विष उंदरामार्फत त्याच्या पोटात जाऊ शकतं. घुबडांभोवतीच्या अंधश्रद्धेपायी त्यांना मारलं जातं ते वेगळंच. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे, पण वठलेलं झाड 'निरुपयोगी' म्हणून तोडलं जातं तेव्हा त्या कायद्याची कुणाला आठवण होत नाही. परतताना मी रस्त्याकडेच्या झाडांमध्ये ढोल्या शोधत होते. तरुण, सरळसोट सागांच्या रांगाच्या रांगा होत्या, ढोली मात्र क्वचित.

म्हणून शेवटची विनंती सागाच्या रानात फिरणाऱ्या सगळ्यांना, मेळघाटात न जाणाऱ्यांनाही. सातपुड्यात किंवा तानशासारख्या पश्चिमेकडच्या जंगलात दिवसाढवळ्या शिकार करणारा पिंगळा दिसला, तर तो नेहमीचाच समजून पुढे जाऊ नका. लांबूनच फोटो घ्या, त्यात डोकं आणि शेपटी दोन्ही येतील असं बघा, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि नेमकी जागा फक्त तिथल्या वनविभागाला कळवा.