उशीवरच्या पाचशेच्या नोटा

तेव्हा मी पुण्यातल्या एका हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर होते. तिसरा मजला माझ्याकडे, आणि त्यातल्या चौदा रूम एका मावशींकडे. मावशी माझ्या आईच्या वयाच्या, पण ड्यूटीवर मला ‘मॅडम’च म्हणायच्या.

आमच्या खात्याच्या नशिबी टिप तशी कमीच. बॅग वर आणणाऱ्या पोराच्या हातावर नोट पडते, कारण तो समोर घुटमळत असतो. आम्ही रूममध्ये शिरतो ते गेस्ट बाहेर पडल्यावर. त्यात आमच्याकडचा नियम असा, की टेबलावर पैसे दिसले तरी हात लावायचा नाही, विसरलेले असायचे. उशीवर चिठ्ठीसकट असतील तरच आपले, नाहीतर लॉस्ट अँड फाउंडच्या रजिस्टरात नोंद. आठवड्यात वीस-पन्नासच्या दोन-तीन नोटा मिळाल्या तरी मावशी खूश.

९ नोव्हेंबर २०१६, बुधवार. अकराच्या सुमारास मावशी ट्रॉली तशीच सोडून पॅन्ट्रीत आल्या आणि खिशातून पाचशेच्या तीन नोटा काढून माझ्यापुढे धरल्या. तीन चेकआउट रूम, तिन्ही उशांवर चिठ्ठ्या. नियमात अगदी चोख.

“बघा मॅडम, लोक एका रात्रीत कर्ण झाले!”

आदल्या रात्री आठला टीव्हीवर घोषणा झाली होती, मध्यरात्रीपासून पाचशे-हजारच्या नोटा बाद. सगळेच लबाड होते असं मी म्हणणार नाही, एखाद्याच्या पाकिटात तेवढंच असेल. पण एकाच सकाळी तिघांच्या?

३१८ मधला औषध कंपनीचा माणूस दर मुक्कामाला पन्नास रुपये ठेवायचा. त्यानं लिफ्टपाशी मला गाठलं. “पाचशेचीच आहे हो. मावशींना ठेवली तर बरं दिसेल का?” मी म्हटलं, “नका ठेवू.” तो ओशाळून गेला. नंतर रूम उघडली तर चादरी काढून ठेवलेल्या, ओले टॉवेल बाथरूममध्ये एका ढिगात, कचरा डब्यात. अर्ध्या-पाऊण तासाची रूम मावशींनी वीस मिनिटांत उरकली.

राहिले ते पंधराशे. नोटा बदलून मिळणार होत्या, पण ओळखपत्र घेऊन रांगेत उभं राहायचं. मावशी कंत्राटावर, दिवस बुडाला की खाडा. “पंधराशेपायी मी रांग धरू का चौदा खोल्या करू?” म्हणाल्या. शेवटी मीच त्या नोटा घेतल्या, सुट्टीच्या दिवशी तीन तास उभी राहून माझ्या खात्यात भरल्या आणि त्यांना द्यायला पैसे काढले. हातात पडली दोन हजारांची गुलाबी नोट.

मावशींनी ती उलटसुलट करून पाहिली. परत द्यायला त्यांच्याकडे पाचशे कुठले असणार?

“राहू द्या, मॅडम. सुट्टे झाले की द्या.”