गुलाबी पडलेली पुडी

आषाढात आमच्या रत्नागिरीच्या घरात कोरडं असं काही उरत नाही. मिठाला पाणी सुटतं, काडी पेटत नाही, पापड वातड होतात. परवा कॅमेऱ्याची बॅग उघडली, तर आतल्या पुडीतले दाणे चक्क गुलाबी! मे महिन्यात ठेवले तेव्हा शाईसारखे निळे होते.

ते दाणे ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचे. त्याला स्वतःचा रंग नसतो. रंग त्यावर चढवलेल्या कोबाल्ट क्लोराइडचा. कोरडेपणी कोबाल्टला क्लोरीनचा गराडा असतो, तेव्हा निळा. दमट हवा आली की पाण्याचे रेणू त्या गराड्यात घुसून जागा पटकावतात, मग गुलाबी. कोबाल्ट तोच, शेजारी बदलले.

अकरावीतली भाची ओट्याशी उभी राहून पाठ करत होती, "कोबाल्ट, सत्तावीस. दोन, आठ, पंधरा, दोन." मग थांबली. "मामा, तिसऱ्या कक्षेत अठरा मावतात ना? मग पंधराच का?"

प्रश्न फक्कड होता. शेवटचे दोन इलेक्ट्रॉन चौथ्या कक्षेत जाऊन बसले आणि आतल्या तीन जागा रिकाम्याच राहिल्या. मी तिला वर्गातले बाक आठवायला सांगितलं. तिसऱ्या कक्षेतल्या पंधरांपैकी आठ आधीच्या उपकक्षांत, म्हणजे कक्षेच्या आतल्या कप्प्यांत, बसलेले. उरलेल्या डी उपकक्षेत पाच बाक, एकेका बाकावर दोघांची सोय, आणि पोरं सात. दोन बाकांवर जोड्या, उरलेल्या तिघांवर एकेकटे. कोबाल्टचे बरेचसे उद्योग या एकट्यांचे आणि रिकाम्या जागांचे. लोहचुंबकत्व त्यांच्यामुळेच, आणि तेही भलतं चिवट: लोखंड ७७० अंश सेल्सिअसला चुंबकत्व सोडतं, कोबाल्ट ११०० अंशांच्या पुढेपर्यंत धरून ठेवतो. उजेडातले काही रंग गिळून बाकीचे आपल्याला दाखवायचे, ही करामतही या अर्धवट भरलेल्या बाकांचीच. जस्तात पाचही बाक गच्च भरतात, म्हणून त्याचे बहुतेक क्षार आपले पांढरेफटक.

नावही मजेशीर. जर्मन खाणकामगारांना चांदीसारखं दिसणारं खनिज सापडायचं. भट्टीत घातलं की चांदी नाहीच, वर आर्सेनिकचा विषारी धूर. त्यांनी खापर फोडलं कोबोल्ड नावाच्या खट्याळ भुतावर. कोकणात देवचारावर फोडलं असतं. १७३०च्या दशकात स्वीडनच्या गेओर्ग ब्रांटनं दाखवलं, की काचेला निळा रंग देणारा हा वेगळाच धातू आहे. भूत गेलं, नाव राहिलं.

"उन्हात ठेवली तर होईल परत निळी?" भाचीनं विचारलं. ऊन कुठलं आणायचं आषाढात? शिवाय उन्हानं भागत नाही, शंभर अंशांच्या पुढची ऊब लागते. तव्यावर भाजायचा विचार मनात आला होता, पण कोबाल्ट क्लोराइड पोटात जाण्यासारखं नाही. हल्ली कोबाल्ट नसलेल्या केशरी दाण्यांच्या पुड्या निघाल्यात त्या त्यामुळेच. बहिणीनं तर माझी नजर तव्याकडे वळलेली पाहूनच डोळे वटारले.

सोमवारी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या ओव्हनमध्ये टाकीन. तोवर कॅमेरा तांदळाच्या डब्यात.