सिमेंटमागचं पाणी

दिवाळी उलटून गेली तरी दरबार हॉलची पश्चिमेची भिंत ओलीच. एका संस्थानिकाचा हा बंगला विद्यापीठाच्या उपकेंद्रासाठी घेतलेला, मी तिथे जतनकामाचा साइट इंजिनिअर. नाव मुद्दाम घेत नाही. आतून रंग दिला की महिन्याभरात लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी पूड, फुटायचा. विद्यापीठाकडून आलेल्या इंजिनिअरांचा एकच धोशा: बाहेरून वॉटरप्रूफिंग मारा, जूनला वर्ग भरायचेत.

त्या सकाळी गवंडीमामा परांचीवर चढले आणि छिन्नीने एक दरज, म्हणजे बांधकामातला सांधा, उकरू लागले. वर बोटभर सिमेंट, मजबुतीच्या नावाखाली कधीतरी कुणीतरी थापलेलं. त्याची खपली निघाली आणि मागून चुन्याचा लगदा ओघळला. पावसाळ्यातलं पाणी, अजून आत! मामांनी तो बोटांत चोळला. "सायेब, भितीचं नाक दाबलंय कुनीतरी."

खरंच तसंच होतं. चुना पाणी पितो आणि उन्हात सोडूनही देतो. सिमेंटला बारीक तडे जातात, त्यांतून पाऊस शिरतो, पण बाहेर यायला वाट उरत नाही. मग ते पाणी आतल्या गिलाव्यातून निघतं, येताना क्षार घेऊन येतं. वॉटरप्रूफिंग मारलं असतं तर उरलीसुरली वाटही बुजली असती.

दुपारी इंजिनिअर आले. लगदा दाखवला. "मान्य," म्हणाले, "पण चुन्याला वेळ किती! इथे शेकडो पोरं वावरणार."

"साहेब, तुमची पदवी कुठली?"

"पुण्याची."

मग मला तिथल्या विद्यापीठाची गणेशखिंडीतली मुख्य इमारत आठवणारच. जेम्स ट्रबशॉच्या आराखड्यावर 1864 ला सुरू होऊन 1871 ला पुरी झालेली, तीही मुंबईच्या गव्हर्नरच्या पावसाळी मुक्कामासाठी! 1949 मध्ये पुणे विद्यापीठ निघालं आणि 411 एकरांच्या त्या आवारात पोरं वावरू लागली, ती आजतागायत. तसं बोलूनही दाखवलं. साहेब हसले. "ते पुणं. माझ्याकडे जूनची तारीख आहे."

तारखेवर तोडगा पागेने काढला. घोड्यांच्या जागेवर दुरुस्तीचा पैसा कधी कुणी घातलाच नव्हता, म्हणून तिच्या दरजांत मूळचा चुना शाबूत आणि भिंती कोरड्या ठणठणीत. बंगल्यातली सगळ्यात धड इमारत ती! लाकूडकाम तपासून, कौलं चाळून, वायरिंग केलं की वर्ग बसवता येणार होते. साहेबांनी डायरीत लिहिलं, 'प्रथम वर्ष: पागा', आणि हे वरिष्ठांना कसं सांगायचं या विवंचनेत चहा न घेताच निघाले.

आम्ही चुना मुरवायला टाकला, सुरखी, म्हणजे विटांची पूड, चाळली, गोणपाट मागवलं. सोमवारपासून मामांनी पश्चिमेच्या दरजा वरून खाली उकरायला घेतल्या.