दोन गुलमोहर

"फाटकाजवळच्या गुलमोहराला कीड लागलीय. दुसऱ्याला लागायच्या आत कापून टाका," राजेंद्र नगरातल्या काकूंचा फोन आला तेव्हा दसरा तोंडावर होता. इंदूरात झाडांची कामं घेतो म्हटलं की असे फोन नेहमीचेच.

फाटकाच्या दोन्ही अंगांना एकेक गुलमोहर. उजवीकडचा हिरवागार. डावीकडच्याची मात्र दशाच: पावसाळ्यात एक फांदी सालीसकट उतरलेली, शेंड्याला पानं विरळ, खोडावर तपकिरी जाळ्यांचे पट्टे. जाळी बोटानं खरवडली तर भुसा हातात आला. सालीचे कण आणि विष्ठा, रेशमात गुंफलेली. साल खाणारी अळी. दिवसा ही बाई बहुधा बेचक्यात भोक पाडून आत बसते आणि रात्री त्या झाकल्या वाटेनं बाहेर येऊन साल खाते. जाळी पुसली की भोक सापडतं. तार आत घालून फिरवली, तर टोकाला ओला लगदा आला. काकूंनी तोंड फिरवलं. मग पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा भोकात सारला, वरून चिखलानं लिंपलं.

"बस, एवढंच?" काकूंच्या मुलानं विचारलं.

जवळजवळ एवढंच. या अळीनं झाड खंगतं, पण सहसा मरत नाही. मोडक्या फांदीचा खुंट नीट कापला, मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली. खोड ठोकून पाहिलं, आवाज भरीव.

जाता जाता दुसऱ्यालाही हातोडी मारली. सवय. आवाज पोकळ आला. बुंध्याशी मांडलेल्या कुंड्या सरकवल्या, तर मागे तांबूस-तपकिरी छत्री, वर वार्निश मारल्यासारखी चकाकी, कडेला पांढरी किनार. गॅनोडर्मा, लाकूड कुजवणारी बुरशी. शेजारी स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला.

काही वर्षांपूर्वी कंपाउंडची भिंत नव्यानं बांधली, तेव्हा पायासाठी त्या बाजूची मुळं तोडली होती. ही बुरशी अशाच जखमांतून शिरते. झाडाचा झुकाव रस्त्याकडे, आणि सकाळी शाळेची व्हॅन तिथेच थांबते.

"अहो, किडकं ठेवायचं आणि चांगलं कापायचं?" काकू चिडल्याच. "हे झाड ह्यांनी लावलेलं आहे."

मी म्हटलं, काकू, कीड वर दिसते म्हणून तिची भीती वाटते. इथे बुडखाच गेलाय. बाहेरचं जिवंत लाकूड पाणी वर चढवत असतं, म्हणून पानं हिरवी राहतात, अगदी कोसळेपर्यंत. त्यातून गुलमोहराची मुळं उथळ, लाकूड ठिसूळ. कुजलेलं लाकूड परत भरून आणणारं औषध नाही. मोकळ्या माळावर असता तर फांद्या हलक्या करून आणखी काही काळ राखला असता. व्हॅनच्या डोक्यावर नाही.

शहरात झाड तोडायला 2001च्या वृक्ष परिरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. पाहणीला आलेले साहेबही आधी डाव्या झाडाकडेच वळले. "कटवाना तो इसे चाहिए ना?" त्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. परवानगी मिळाली.

वरून तुकड्या-तुकड्यानं उतरवलं. बुंधा कापला तर आत पांढुरका, ओला, बोटानं सुटणारा भुगा. धड लाकूड फक्त अंगणाच्या बाजूला, चार बोटं. रस्त्याकडच्या अंगाला सालीशिवाय धड काही नव्हतं. मुलानं त्याचा फोटो काढला, काकूंना दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, चहा मात्र पाठवला.

खोडका आणि हाती लागतील तेवढी मुळं खणून काढली, कारण ही बुरशी मुळाला मूळ लागलं की शेजारच्या झाडात जाते. डाव्याला खरा धोका तोच, अळी नव्हे. त्या खड्ड्यात पुन्हा गुलमोहर नको म्हणून सांगितलं. काकूंना बकुळ हवी होती, ती अंगणाच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात लावली.

आता काकू डाव्या झाडाच्या खोडाचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. परवा एक पट्टा दिसला म्हणून घाबरून फोन. जाऊन पाहिलं तर वाळवीची माती होती, सुक्या सालीवर. झाडून टाकली.