तुम्ही विचारलंत म्हणून : आकाशदर्शनाच्या मंडळात नाव नोंदवावे का?

ग्रहणाची बातमी आली, किंवा ओळखीच्या कोणाच्या मुलाला वाढदिवसाला दुर्बीण मिळाली, की तोच प्रश्न पुन्हा माझ्याकडे येतो : ‘आकाशाची आवड आहे, मग एखाद्या मंडळात जावे की घरच्या गच्चीवरूनच पाहावे?’ अलीकडे निवृत्त झालेली मंडळीही हे विचारू लागली आहेत, आणि अधूनमधून कोणीतरी मंडळात पत्रिकाही पाहतात का अशी चौकशी करते, तिचे उत्तर ‘नाही’ एवढेच आहे. मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र जिन्यात उभे राहून देता येत नाही. ठाणे जिल्ह्यातील हौशी आकाशनिरीक्षकांच्या एका मंडळात मी वीस वर्षांहून अधिक काळ आहे. त्यांपैकी नऊ वर्षे कार्यकारिणीत काढली आणि आता पुन्हा साधी सदस्य झाले आहे, त्यामुळे मी सांगते त्यात थोडे प्रेम आणि थोडी कुरकुर दोन्ही मिसळलेले असणार, हे आधीच मान्य करते.

दुर्बीण आधी घेऊ नका, एवढे तर मी प्रश्न पुरता ऐकून घेण्याआधीच सांगते. खोक्यावर ‘पाचशे पट मोठे दिसते’ असे छापलेले असते, पण भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जितका, त्याच्या साधारण दुप्पट वर्धनापलीकडे प्रतिमा नुसती मोठी आणि पुसट होत जाते. पन्नास मिलिमीटरच्या दुर्बिणीला शंभर पटींपुढे नेण्यात काही अर्थ नसतो, आणि तिची तिपाई इतकी हलकी असते की श्वास जोरात सोडला तरी गुरू चौकटीबाहेर जातो. अशा कितीतरी दुर्बिणी दोन महिन्यांत माळ्यावर गेलेल्या मी पाहिल्या आहेत. मंडळाच्या एका रात्रीत चार-पाच प्रकारच्या दुर्बिणींतून पाहायला मिळते आणि आपल्याला नेमके काय हवे ते कळते. बहुतेकांना त्या रात्रीनंतर १०×५० ची, म्हणजे दहा पट वर्धनाची आणि पन्नास मिलिमीटर भिंगांची, द्विनेत्री पुरेशी वाटते, आणि ती खरोखरच पुरेशी असते.

मी मंडळात गेले त्याचे कारण मात्र दुर्बीण नव्हते, अंधार होते. डोंबिवलीत गच्चीवरून मोठे तारे आणि ग्रह तेवढे दिसत. अंधारासाठी कर्जतच्या बाजूला वांगणीपर्यंत जायला हवे होते, आणि तिशीतल्या, घरी लहान मूल असलेल्या बाईने रात्रभर माळरानावर एकटीने बसण्याची कल्पना आमच्या घरीच काय, मलाही झेपणारी नव्हती. २००२ च्या दिवाळीनंतरच्या अमावास्येला मी मंडळाबरोबर पहिल्यांदा गेले, तेव्हा सासूबाईंनी ‘तारे इथे दिसत नाहीत का?’ एवढेच विचारले आणि डब्यात दोन पोळ्या जास्तीच्या दिल्या. मंडळाने शेतकऱ्याशी जागेचे बोलून ठेवले होते, पोलीस ठाण्यात कळवून ठेवले होते, रात्री शाळेची खोली उघडी राहील अशी व्यवस्था केली होती. बाईमाणसाला प्रसाधनगृहाची सोय म्हणजे काय असते, हे मी वेगळे सांगायला नको. शेवटच्या लोकलने जायचे आणि पहाटेच्या पहिल्या लोकलने, दूधवाल्यांच्या आणि भाजीवाल्यांच्या गर्दीत पेंगत परत यायचे. मंडळाच्या फायद्यांची यादी करताना लोक ज्ञान, मैत्री वगैरे शब्द वापरतात, पण मला मिळालेला पहिला फायदा एका सुरक्षित, अंधाऱ्या शेताचा होता. आता तिथेही इमारती आणि दिवे वाढले आहेत आणि मंडळे आणखी आत सरकली आहेत, म्हणजे जागा शोधण्याचे हे काम एकट्यादुकट्यासाठी पूर्वीपेक्षा अवघडच झाले आहे.

दुसरा फायदा मला उशिरा आणि जरा अपमान होऊन कळला. त्याच रात्री मला सहा इंची दुर्बिणीतून देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा एक प्रचंड समूह, दाखवण्यात आली. पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर असलेली ती वस्तू पाहून मी भारावून गेले आणि तिच्या सर्पिल भुजा किती सुंदर दिसतात असे मोठ्याने म्हणाले. शेजारी चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक बसले होते. त्यांनी वही आणि पेन्सिल पुढे केली आणि म्हणाले, ‘दिसल्या ना? मग काढून दाखवा.’ मी काढलेले चित्र त्यांनी लाल जिलेटिन लावलेल्या विजेरीच्या उजेडात पाहिले आणि शांतपणे म्हणाले, ‘बाई, हा कॅलेंडरवरचा फोटो आहे. आता पुन्हा बघा, आणि जेवढं दिसतं तेवढंच काढा.’ मी पुन्हा पाहिले. मधोमध उजळ, कडेला विरत जाणारा एक लांबट, करडा ढग होता, भुजा कुठेच नव्हत्या. अंधाराला डोळा सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, मोबाइलच्या एका उजेडाने ती सारी मेहनत वाया जाते, आणि अंधुक वस्तू थेट न पाहता नजर किंचित बाजूला ठेवली तर जास्त स्पष्ट दिसते, हे सगळे मी नंतर पुस्तकांतही वाचले. पण मी न पाहिलेले पाहिले असे सांगते आहे, हे कोणत्याही पुस्तकाने मला सांगितले नसते. त्यासाठी शेजारी बसलेला, त्याच नेत्रिकेतून नुकताच पाहून उठलेला माणूस लागतो.

पुस्तकांवरून आठवले, म्हणून तेही सांगते. युरोपात किंवा अमेरिकेत छापलेल्या बहुतेक मार्गदर्शिका चाळीस-पन्नास अंश उत्तर अक्षांशावर बसून लिहिलेल्या असतात. आपण एकोणीस अंशांवर आहोत. नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेन्टॉरी हा गोलाकार तारकागुच्छ त्या पुस्तकांत ‘दक्षिणेकडे प्रवास केल्यास’ अशा सदरात ढकललेला असतो, आणि आपल्याकडे तो एप्रिल-मेच्या रात्री दक्षिण क्षितिजापासून तेवीस अंश वर येऊन उभा असतो, मोकळ्या माळावरून नुसत्या डोळ्यांनीही जाणवतो. अगस्त्य, मेमध्ये क्षितिजालगत उभा राहणारा त्रिशंकू, यांचेही तेच. आपल्या गावाचे आकाश ही तोंडी परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे, आणि ती परंपरा मंडळांनी सांभाळली आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करते आहे, म्हणजे तिथे नुकताच गेलेला एखादा शाळकरी मुलगाही आठ दशकांच्या अनुभवाच्या टोकाला बसलेला असतो.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश नसतेच. एकट्या माणसाची आवड या चार महिन्यांत बहुधा विझते, आणि मंडळाची खरी गंमत मात्र याच काळात असते. आमच्याकडे पावसाळ्यात दुर्बिणींचे आरसे घासले जात. सहा इंची काचेची चकती, तिच्याखाली तेवढ्याच व्यासाची दुसरी, मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची पूड, आणि भरलेल्या पिंपाभोवती हळूहळू चालत एका लयीत घासत राहायचे. बाराशे मिलिमीटर नाभीय अंतराच्या आरशाला मधोमध जेमतेम १.२ मिलिमीटर खोली लागते. ती यायला काही संध्याकाळी पुरतात, पण पुढे पूड बारीक करत नेणे, मग डांबराच्या थरावर सीरियम ऑक्साइडने चकाकी आणणे आणि पृष्ठभाग प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आठव्या हिश्शापर्यंत, म्हणजे सुमारे ७० नॅनोमीटरपर्यंत, नीट आणणे यात पूर्ण पावसाळा जातो. चकाकीच्या टप्प्यात जाड पुडीचा एक कण शिरला तरी ओरखडा पडतो. माझ्या आरशावर तसा ओरखडा आहे, शेजारच्या पिंपावरून हात न धुता मदतीला आलेल्या एका उत्साही सदस्याची ती कृपा. त्या आरशातून शनीची कडी अजूनही उत्तम दिसतात, म्हणून मी त्याला कधीच माफ केले आहे.

इथपर्यंत वाचून तुम्ही वर्गणी भरायला निघाला असाल तर थोडे थांबा.

मंडळात गेल्यानंतरची पहिली तीन वर्षे मी एकही वस्तू स्वतः शोधली नव्हती, आणि हे माझ्या लक्षातही आले नव्हते. दुर्बीण कोणीतरी लावून ठेवत असे, मी रांगेतून जाऊन डोळा लावत असे आणि ‘वा’ म्हणून मागे सरत असे. घरच्या गच्चीवर पहिल्यांदा एकटीने बसले तेव्हा शर्मिष्ठेपासून देवयानी दीर्घिकेपर्यंत पोहोचायला मला पाऊण तास लागला. एकटा शिकणारा माणूस पहिल्या महिन्यातच हा पाऊण तास भोगतो आणि मोकळा होतो. मंडळातल्या माणसाला मात्र तो कित्येक वर्षे टाळता येतो. मार्चअखेरच्या अमावास्येला एका रात्रीत मेसिये या अठराव्या शतकातल्या फ्रेंच खगोलनिरीक्षकाच्या यादीतल्या सर्व ११० वस्तू पाहण्याची जी शर्यत मंडळे लावतात, तीही मला याच कारणासाठी फारशी आवडत नाही, कारण तिच्यात पाहणे कमी आणि खुणा करणे जास्त असते. धूमकेतू समजून फसगत होऊ नये म्हणून ज्या वस्तू मेसियेने टिपून ठेवल्या, त्यांच्यामागे आपण पहाटेपर्यंत धावावे, यातला विनोद त्याला तरी आवडला असता की नाही कोण जाणे.

यापेक्षा मोठा तोटा मात्र वेगळा आहे. ८ जून २००४ रोजी शुक्राचे अधिक्रमण झाले, म्हणजे शुक्राचा काळा ठिपका सूर्यबिंबावरून सरकत गेला. याआधीचे अधिक्रमण १८८२ मध्ये झाले होते, त्यामुळे तेव्हा हयात असलेल्या कोणीही ते पाहिलेले नव्हते. आमच्या मंडळाने एका शाळेच्या मैदानावर लोकांसाठी सोय केली आणि रांग सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले. अधिक्रमण सुमारे सहा तास चालले आणि ढग मधूनमधून येत होते, त्यामुळे ऊन पडले की रांग पुढे रेटायची आणि ढग आला की लोकांना थोपवून धरायचे. हजाराच्या आसपास लोकांनी ते पाहिले असावे. मी स्वतः पांढऱ्या पुठ्ठ्यावर पडलेली प्रतिमा फार तर दोन मिनिटे पाहिली, तीही एका हरवलेल्या मुलाचे नाव पुकारता पुकारता. पुढचे अधिक्रमण ६ जून २०१२ रोजी होते. तेव्हा मी कार्यकारिणीत होते, म्हणजे मंडप, ध्वनिक्षेपक आणि चहा माझ्याकडे होता. त्यानंतरचे अधिक्रमण डिसेंबर २११७ मध्ये आहे.

हे कोणाच्या दुष्टपणामुळे घडले असे मी म्हणणार नाही. मंडळ चांगले चालू लागले की लोक येतात, लोक आले की व्यवस्था लागते, आणि व्यवस्था नेहमी त्यांच्याच गळ्यात पडते ज्यांना विषयाची सर्वांत जास्त ओढ असते, कारण नाही म्हणणे त्यांना जड जाते. माझ्या नऊ वर्षांच्या कार्यकारिणीत माझी निरीक्षणवही जवळजवळ कोरी राहिली. बाकीची भांडणे कुठल्याही गृहनिर्माण संस्थेत होतात तशीच असतात, त्यांच्यावर जास्त शब्द खर्च करत नाही : जमलेल्या पैशांतून बारा इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवरची मोठी आरशाची दुर्बीण, घ्यावी की छायाचित्रणासाठी कॅमेरा आणि आकाशाबरोबर फिरणारी बैठक घ्यावी यावरून आमच्यात दोन तट पडले, सहा जण बाहेर पडले, आणि शेवटी घेतलेली दुर्बीण एका पदाधिकाऱ्याच्या घरी आठ महिने पडून राहून तिच्या आरशावर बुरशी चढली.

या टप्प्यावर एखादा वाचक म्हणेल की मग एकट्यानेच का पाहू नये? जरूर पाहावे. राधागोविंद चंद्र हे तेव्हाच्या बंगालमधील, आज बांगलादेशात असलेल्या जेसोरच्या एका खेड्यात राहणारे, कोषागारात नोकरी करणारे गृहस्थ होते, आणि जवळपास कोणतेही मंडळ नसताना त्यांनी रूपविकारी ताऱ्यांची, म्हणजे तेजस्विता बदलणाऱ्या ताऱ्यांची, ३७ हजारांहून अधिक निरीक्षणे नोंदवली. पण ही निरीक्षणे त्यांनी अमेरिकेतील रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघटनेकडे नियमाने पाठवली, आणि त्या संघटनेनेच १९२६ मध्ये त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवून दिली. म्हणजे आकाश ते एकट्याने पाहत होते, पण पाहिलेले तपासून घेणारे कोणीतरी त्यांनाही होतेच, फक्त ते टपालाने येत-जात होते. माझ्या चित्रकलाशिक्षकांचे काम त्यांच्यासाठी हजारो मैलांवरून कोणीतरी करत होते.

म्हणून विचारणाऱ्याला मी असे सांगते : जा, दोन वर्षे नियमाने जा, पण पहिली दोन वर्षे कोणतेही पद घेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. मंडळाच्या प्रत्येक रात्रीमागे एक रात्र गच्चीवर एकट्याची ठेवा, आणि मंडळात दाखवलेली एक तरी वस्तू त्या रात्री स्वतः शोधून काढा, पाऊण तास लागला तरी चालेल. वही ठेवा आणि ती कोणाला तरी दाखवा. मुलाला घालणार असाल तर निदान पहिल्या रात्री स्वतः सोबत या, आणि तुमचे मंडळ मुलांच्या हातात दुर्बीण देते की त्यांना फक्त रांगेत उभे करते, ते बघून घ्या. मी स्वतः आता तिमिंगल तारकासमूहातल्या मीरा या रूपविकारी ताऱ्याची नोंद ठेवते. तो तारा सुमारे ३३२ दिवसांत एकदा उजळतो आणि मग महिनोन् महिने नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी समिती लागत नाही आणि रांगही लागत नाही.

आणि मंडळात आलातच, तर रांगेच्या तोंडाशी हातात लाल विजेरी घेऊन, ‘पुढे सरका, मोबाइल बंद ठेवा’ असे सांगणारे कोणीतरी उभे असेल. तुमचा नंबर आला की डोळा लावण्याआधी त्यांना विचारा, त्यांनी आज पाहिले का म्हणून. बहुधा पाहिलेले नसते. तेवढी पाच मिनिटे विजेरी तुम्ही धरा.