एसीचा पंखा ‘ऑटो’वर की ‘हाय’वर?

पुण्यातली एप्रिलची कोरडी झळ आणि जुलैचा दमटपणा, दोन्हींना एसीचं एकच सेटिंग चालत नाही. उन्हाळ्यात पंखा पहिली १०-१५ मिनिटं ‘हाय’वर, मग ‘ऑटो’. तापमान २६, छताचा पंखा दोनवर. २० करायची गरजच उरत नाही.

पावसाळ्यात मात्र ‘हाय’ नकोच. हवा एसीच्या आतल्या थंड कॉइलवरून (नळ्यांच्या जाळ्यावरून) भर्रकन निघून जाते, त्यामुळे हवेतलं बाष्प कमी निघतं. त्यात कॉम्प्रेसर थांबल्यावरही पंखा फिरत राहिला, तर कॉइलवरचं पाणी वाफ होऊन पुन्हा खोलीतच येतं. चादर ओलसर लागते, कुबट वास येतो. तेव्हा पंखा ‘लो’वर किंवा एसी ‘ड्राय’ (दमटपणा काढणाऱ्या) मोडवर.

एसीची जाळी (फिल्टर) दर पंधरवड्याला नळाखाली धुवून सावलीत वाळवा. धूळ साचली की कॉइलवर बर्फ धरतो, मग भिंतीवरून पाणी ओघळतं.